बिननावाच्या भाकरी

पंचांच्या बैठकीत मी हात वर केला आणि आमच्या मंडळीचं नाताळचं प्रीतिभोजन बंद पडलं. हात कशासाठी वर करतो आहे हे मला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबर उतरणीला लागला होता, सहामाहीचे पेपर अंगावर होते, आणि चर्चच्या मागच्या खोलीत मी टेबलाच्या आड मांडीवर सातवीच्या भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. एका मुलानं वर्धा नदी उचलून थेट अरबी समुद्रात नेऊन सोडली होती. त्याला किती गुण द्यावेत या विचारात असताना शेजारच्या पंचाचा हात वर गेलेला दिसला, म्हणून माझाही गेला. वर्गात शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलाला मी बाकावर उभा करतो. मला उभं करायला तिथं कोणी नव्हतं.

“चार विरुद्ध तीन,” सेक्रेटरी म्हणाले. “ठराव मंजूर.”

बैठक आटोपल्यावर गठ्ठा सायकलला बांधताना मी शेजारच्या पंचाला विचारलं, “ठराव कशाचा होता हो?”

“मास्तर, तुमच्याच हातानं पास झाला,” तो म्हणाला, आणि मग त्यानं सांगितलं. यंदापासून नाताळच्या उपासनेनंतर पंगत बसणार नाही. त्याऐवजी एक झाड उभं करायचं, प्रत्येकानं आपापल्या लेकरांसाठी आणलेली बक्षिसं नावं लिहून त्याला बांधायची, आणि एकेकाचं नाव पुकारून ती द्यायची. सेक्रेटरी मागच्या नाताळात नागपूरला गेले होते. तिथं त्यांनी असं झाड पाहिलं होतं.

साल एकसष्ट. मी साठ म्हणतो, बायको एकसष्ट म्हणते, म्हणजे एकसष्टच.

आमचं प्रीतिभोजन काय होतं ते सांगितल्याशिवाय माझा संताप कोणाला समजायचा नाही. यवतमाळच्या आमच्या मंडळीत सगळ्या तऱ्हेचे लोक होते. दवाखान्यातले कंपाउंडर, शाळेतले मास्तर, सरकी काढणाऱ्या जिनात रुईचे गठ्ठे उचलणारे, खेड्यांवरून पायी येणारे शेतमजूर. कोणाचे आजे कोणत्या जातीतून आले हे सगळ्यांना माहीत, आणि त्यावर कोणी बोलायचं नाही असा रिवाज. नाताळच्या दिवशी घराघरातून भाकरी यायच्या. चर्चच्या दारात दोन म्हाताऱ्या बाया मोठी टोपली घेऊन बसलेल्या असायच्या. आपण आणलेल्या भाकरी फडक्यातून काढायच्या आणि टोपलीत टाकायच्या. फडकं टोपलीत ठेवायचं नाही, नाहीतर भाकर कोणाच्या घरची ते कळतं. म्हाताऱ्या मधूनमधून टोपलीतल्या भाकरी खालच्या वर, वरच्या खाली करायच्या. मग पंगतीत ज्याच्या पानावर जी येईल ती त्याची. कोणाच्या हातची आहे हे विचारणं म्हणजे त्या दिवशी पाप. कंपाउंडरच्या घरची पातळ पापुद्र्याची भाकर जिनातल्या हमालाच्या पानावर यायची, आणि हमालाच्या बायकोनं थापलेली जाडजूड भाकर कंपाउंडरसाहेब निमूट चावायचे. भाजी आणि वरण चर्चच्या अंगणात एकाच चुलाणावर शिजायचं. माझ्या आईच्या लहानपणीही ही टोपली होती असं ती सांगायची. टोपलीच्या आधी आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या पंगतीत कुठं बसवत होते, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ते मला मोठेपणी आपोआप कळलं.

आणि आता टोपलीच्या जागी झाड. टोपलीत कशाला नाव नव्हतं, झाडावर पुडक्या-पुडक्याला नाव असणार. ज्याचा बाप जास्त आणेल त्याचं नाव जास्त वेळा पुकारणार, तेही देवाच्या घरात, माइकसारखा आवाज असलेल्या सेक्रेटरींच्या तोंडून.

घरी आलो तेव्हा बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. स्वतःची फजिती आपणच आधी रंगवून सांगावी, म्हणजे दुसऱ्याला सांगायला काही उरत नाही, असं माझं जुनं धोरण आहे. त्याप्रमाणे मी वर्धा नदीपासून सुरुवात केली आणि हातापर्यंत आलो. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

“आता याडीले कोन सांगीन?” ती म्हणाली.

याडी म्हणजे लोहारा गावाच्या पलीकडच्या तांड्यावरची म्हातारी. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आमच्या मंडळीत लहानथोर सगळे तिला याडीच म्हणायचे. तिच्या सासऱ्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरवलं होतं. आता तांड्याची वस्ती झाली होती, कापूस-तुरीची वावरं झाली होती. याडीनं आणि तिच्या नवऱ्यानं सात वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. पुढं दोन वर्षांनी नवरा गेला. तांड्यावर आमच्यातली ती एकटीच राहिली. एकुलता एक लेक त्याच अंगणात राहायचा, पण चूल वेगळी. तो वाईट होता असं नाही. आईच्या छपरावर गवत तोच टाकायचा, तिच्या रांजणात सून पाणी भरायची. फक्त बाप्तिस्म्याच्या दिवसापासून आईच्या हातचा घास त्यानं तोंडात घातला नव्हता. तांड्याच्या पंचांनी तसं ठरवलं होतं, आणि त्यालाही ते पटलं असावं.

“तिले काय सांगायचं?” मी विचारलं.

“बाजारात भेटलती मले. पोरगा येतो म्हनते औंदा, नाताळच्या जेवनाले.”

“तिचा लेक?”

“हो. म्हने, ‘घरी जमत नाही याडी, तांड्यात तं जमतच नाही. तुमच्या त्या टोपलीतलं खाईन. कोनाच्या हातचं आलं हे मले मालूम नाही, अन् तांड्यालेबी मालूम नाही.’ बाजारात माझा हात धरून सांगत होती थे. तेलाची बाटली लवंडली तरी तिले पत्ता नाही. सात वर्सानं पोरगं तिच्याजवळ बसून जेवनार होतं. अन् तुमी इकडे हात वर करून आले.”

पुन्हा सूप उचलून ती पाखडायला लागली. त्या दिवशी ज्वारीत कोंडा फार निघाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सेक्रेटरींकडे गेलो. ते दवाखान्याच्या कचेरीत नोकरीला होते आणि घरातही कचेरीतल्यासारखेच बसायचे.

“ठराव मागे घ्या,” मी म्हणालो.

“मास्तर, ठराव तुमच्या हातानं झाला आहे.”

“हात माझा होता. डोकं माझं नव्हतं.”

“वहीत हातांची नोंद होते,” ते म्हणाले. “डोक्यांसाठी रकाना नाही.” मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. भाकर तर लेकरं रोजच खातात, सणाला त्यांना काहीतरी वेगळं नको का? आपल्या बायांनी नाताळच्या दिवशीही धुरात डोळे फोडायचे का? “आणि मास्तर, तुमच्यापासून काय लपवायचं, खेड्यावरची काही मंडळी नुसती जेवायला येतात. तुम्ही-आम्ही सगळं करायचं आणि त्यांनी पंगतीला बसायचं.”

यावर माझ्याकडे एकदम बिनतोड उत्तर होतं. अडचण एवढीच, की ते मला सायकलवर परत येताना सुचलं. नुसतं जेवायला येणं हा गुन्हा असेल, तर नुसता नवा कोट दाखवायला येणाऱ्यांचं काय करायचं? आणि ज्याच्या आईबापांना त्या रात्री कोणी घरात घेतलं नाही, त्याच्या जन्मदिवशी आपण नेमकं कोणाला दाराबाहेर ठेवतो आहोत? हे मी चांगलं मोठ्यानं विचारलं. कापसाच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीवानानं वळून पाहिलं आणि म्हणाला, “मले काय मालूम, भाऊ?”

पाळकसाहेबांकडेही गेलो. ते नवे होते आणि भले होते. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की त्याच्याकडून निकाल लागत नाही. “तुमचं म्हणणं मला पटतं,” ते म्हणाले. “त्यांचंही पटतं. मी प्रार्थना करतो.” मी तिथूनही संतापून निघालो. माझं सोडून दुसऱ्याचंही पटणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

तो आठवडा मी घरात, शाळेत, न्हाव्याच्या खुर्चीवर, जिथं जागा मिळेल तिथं झाडाविरुद्ध बोललो. माझं ऐकायला मुलं तेवढी तयार नव्हती. मुलगी चौथीत होती, मुलगा पहिलीत. मुलीनं शाळेतून झाडाची सगळी बातमी आणली होती.

“बाबा, माझं नाव पुकारतील ना?”

“आपल्या घरून झाडाला काही बांधायचं नाही,” मी जाहीर केलं. “आपण बहिष्कार टाकतो आहोत.”

बहिष्कार म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण नाव पुकारणार नाहीत एवढं कळलं. ती उठून बाहेर गेली आणि ओट्यावर पाठमोरी बसली.

“हात तुमी वर केला,” बायको म्हणाली, “अन् शिक्षा लेकराले? लोकाच्या पोराचं नाव चार बार पुकारतीन अन् आपली खाली मान घालून बसतीन, हे पाहाले तुमी जासान, मी नाही जानार.” तिनं दोघांसाठी लोकरीची एकेक टोपी विणायला घेतली. बहिष्कार तिथंच संपला. आमच्या घरात माझे ठराव एक विरुद्ध एकनं नामंजूर होतात.

“पन याडीले जाऊन सांगून या,” ती म्हणाली. “फुकट चालत येईन थे, अन् पोराले घेऊन.”

शनिवारी अर्धी शाळा असते. दुपारी सायकल काढून तांड्यावर गेलो. सांगायची तीन वाक्यं वाटेत जुळवली होती. याडी दारात बसून सुपातली ज्वारी निवडत होती, दाणा न् दाणा, जसं काही त्यात कोणाचा तरी जीव अडकला आहे. लेक अंगणात बैलाचा कासरा वळत बसला होता. त्यानं मला खाट टाकून दिली. पाणी सुनेनं आणलं.

“थे नाताळसाठी काढली,” याडी ज्वारीकडे बोट दाखवून म्हणाली. “चांगल्या वावरातली आहे, मास्तर.”

लेक कासरा वळता वळता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मास्तर, तिथं कोनी नाव-गाव विचारत नाही ना?”

“नाही.”

“वेगळं नाही बसवत? आमचे कपडे पाहून, भाषा ऐकून?”

“नाही.”

“टोपली एकच राह्यते?”

“एकच.”

त्यानं दोरीला पीळ दिला आणि मान हलवली. याडी माझ्या तोंडाकडे पाहत होती. जुळवून नेलेली तिन्ही वाक्यं माझ्या खिशात होती. मी उठलो आणि म्हणालो, “मग या. वेळेवर या.”

परत आलो तर बायको दारातच होती.

“सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“वेळेवर या म्हणून.”

वाटलं, आता काही खैर नाही. पण ती अंगण नजरेनं मोजायला लागली. आमचं अंगण ऐसपैस म्हणावं असं नव्हतं. विहीर, शेवग्याचं झाड, माझी सायकल, आणि राहिलेल्या जागेत कोंबड्या.

“बसतीन पंधरा-वीस लोक,” ती म्हणाली.

मी म्हणालो, पंधरा-वीस कशाला, आपण चौघं आणि ते दोघं, झालं. तिनं माझ्याकडे सातवीतल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. “सहा जनाच्या टोपलीत कोनाची भाकर कोनती ते आंधळ्यालेबी दिसन. मंग तो कसा खाईन?”

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ती भाकरी सांगायला घरोघर निघाली. मला हे मुळीच आवडलं नाही. मी पंच, मी मास्तर, आणि माझ्या बायकोनं दारोदार भाकरी मागायच्या? मी तसं म्हणालो.

“उद्या सकाळी उपासनेच्या आधी दोन-दोन भाकरी आनून द्या, एवढं सांगून राह्यली,” ती म्हणाली. “तुमाले लाज वाटते तं तुमी घरीच बसा.”

“सेक्रेटरींच्या घरी जाऊ नकोस,” मी बजावलं. “त्या घरची भाकर मी खाणार नाही. शपथ घेतली आहे.”

“कधी घेतली?”

“आत्ता.”

ती निघून गेली.

नाताळच्या सकाळी आम्ही चौघं, दरवर्षीप्रमाणे, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून प्रभूच्या जन्माचा अध्याय वाचला. मुलीनं वाचला, अडखळत. मेंढपाळांपाशी आल्यावर मुलानं विचारलं, “त्यांनी काय बक्षीस आणलं होतं?” मुलगी म्हणाली, “काहीच नाही. त्यांच्याजवळ काय असणार?” मुलानं थोडा विचार केला. “मग त्यांना आत घेतलं?” मी काही बोलणार होतो, आणि माझ्याजवळ बोलायला भरपूर होतं, पण बायकोनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि प्रार्थनेत मधे बोलता येत नाही.

चर्चमध्ये झाड उभं होतं. मिशनच्या आवारातल्या सरूची मोठी फांदी, रॉकेलच्या डब्यात माती भरून रोवलेली. तिच्यावर जागोजागी कापसाचे गुच्छ लावले होते, ते बर्फ म्हणून. ज्या जिल्ह्यात डिसेंबरात दुपारी डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो, ज्या जिल्ह्यात लोक कापूस पिकवून कमरेत वाकले आहेत, तिथं आम्ही कापसाचा बर्फ केला होता. याडी माझ्या बायकोशेजारी बसली होती. उपासना संपून लोक हलू लागल्यावर ती उठली, झाडापाशी गेली, एक गुच्छ तोडून बोटांनी ताणून पाहिला आणि म्हणाली, “चांगल्या बोंडाचा आहे. कायले लटकावला?” तिनं तो पदराच्या शेवात ठेवून दिला. सेक्रेटरींनी पाहिलं, पण नावं पुकारायची वेळ झाली होती.

नावं पुकारली. एका कंपाउंडरच्या मुलाचं नाव पाच वेळा आलं. पाचव्या वेळी तो जागेवरून उठलाच नाही, त्याच्या हातात जागा नव्हती. जिनातल्या हमालांची पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती. प्रत्येक नावाला ती माना वर करत आणि खाली घालत. शेवटी त्यांना सरसकट एकेक पेरू दिला, नाव न घेता. माझ्या मुलांचं नाव एकेकदा आलं. मुलगी टोपी घेऊन परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचा राग आला. मग रागाला जागा पुरेना. हमालांच्या पोरांचा राग, पेरूंचा राग, बर्फाचा राग, आणि माझ्या उजव्या हाताचा तर सगळ्यांत जास्त.

याडी दाराकडे पाहत होती. तिथं टोपली नव्हती, बाहेर चुलाण पेटलेलं नव्हतं. तिचा लेक फाटकाबाहेर गाडी सोडून, बैलांपाशी उभा होता. आत आला नव्हता.

“पंगत कुठं?” तिनं बायकोला विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“आमच्या आंगनात, याडी. चाल.”

पंधरा-वीस माणसांची तयारी म्हणता म्हणता आमच्या अंगणात चाळीसएक माणसं झाली. हमालांची बायकापोरं आली, पेरू हातात घेऊन. खेड्यांवरून आलेले सगळे आले, कारण त्यांना दुसरं कुठं जायचं होतं? पाळकसाहेब आले. त्यांनी भाकरी फडक्यात नव्हे, कोटाच्या खिशात आणल्या होत्या. बायकोनं विहिरीशेजारी तीन दगडांवर ओल्या तुरीच्या दाण्यांचं वरण आणि वांग्याची भाजी रांधली होती. टोपली भरली होती. याडीनं बोटांचे ठसे उमटलेल्या आपल्या जाड भाकरी पदराआडून काढून तिच्यात टाकल्या, आणि बायकोनं दोन्ही हातांनी खालच्या वर केल्या.

मी आभाराची प्रार्थना केली. ती जरा लांबली. जे देवाच्या घरात नावं लिहून वाटतात त्यांना सद्बुद्धी दे, असं मी दोन-तीन प्रकारे मागितलं. चौथा प्रकार सुरू करताना बायको खोकली, म्हणून आमेन म्हटलं.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. याडीचा लेक फाटकातून आत आला, चपला काढल्या, आणि पंगतीच्या टोकाला, शेवग्याच्या झाडाखाली बसला. याडी त्याच्या शेजारी बसली. मधे एका पत्रावळीची जागा सोडून. ती जागा तिनं सोडली की त्यानं, ते मी पाहिलं नाही. टोपली घेऊन मीच वाढत होतो. माझ्या स्वतःच्या पत्रावळीवर मी आधीच एक भाकर वाढून ठेवली होती, आणि तेव्हाच मला सेक्रेटरींची बायको हमालणींच्या ओळीत बसलेली दिसली. रिकाम्या हातानं आली असेल असं कोण म्हणेल? आता टोपलीतल्या कोणत्या भाकरी तिच्या होत्या, आणि माझ्या पत्रावळीवरची तीच तर नव्हे? बायकोकडे पाहिलं. ती वरण वाढत होती आणि तिला मान वर करायला सवड नव्हती. माझी शपथ बावीस तास टिकली, एवढंच म्हणतो.

टोपली घेऊन मी याडीच्या लेकापाशी आलो. मी वाढायला भाकर उचलली, तर तो म्हणाला, “थांबा, मास्तर.” त्यानं टोपलीत हात घातला आणि चाळवायला लागला. वरची भाकर उचलून पाहिली, बाजूला सारली. दुसरी उचलली, सारली. पंगतीतली माणसं पाहू लागली. याडीची मान खाली गेली.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. एवढं सगळं केलं, दारोदार भाकरी मागितल्या, चाळीस माणसं गोळा केली, आणि हा आमच्या टोपलीत शिवाशिव पाहतो? कोणाच्या हातची, कोणत्या घरची? आईच्या हातची चुकून येऊ नये म्हणून निवडतो आहे, हे उघड होतं. आज पंच म्हणून, मास्तर म्हणून, माझ्या अंगणात बसून, मी त्याला काय ते सुनावणार होतो, आणि या वेळी उत्तर सायकलवर नव्हे, तोंडात तयार होतं.

त्याआधीच त्यानं टोपलीच्या तळाशी कोपरापर्यंत हात घातला आणि एक भाकर काढली. जाड, काठाला जरा करपलेली, आणि वर बोटांचे ठसे उमटलेले, थापताना शेवटी दाबतात तसे. त्यानं ती उलटी-सुलटी करून पाहिली. मग मोडली आणि अर्धी याडीच्या पत्रावळीवर ठेवली.

याडीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वरणात भाकर कुस्करत राहिली, कितीतरी वेळ, आणि मग खायला लागली. तो खात होता. खाली मान घालून, भुकेल्या माणसासारखा. दुसरी भाकरही त्यानं तशीच तळातून शोधून काढली. मी टोपली धरून उभा होतो. “मास्तर, बाकीच्यायलेबी वाढा ना,” हमालाची एक पोर म्हणाली, तेव्हा मी पुढं सरकलो.

दुपार कलली तसे लोक पांगले. याडी गाडीत चढून बसली. लेकानं बैल जुंपले आणि मग माझ्यापाशी आला.

“मास्तर, होळीले या तुमी तांड्यावर. घरचे सगळे. जेवाले.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळीत होळीचं कोणी खात नाही. सणाचं अन्न देवापुढं ठेवलेलं असतं, म्हणून पाळक लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की शेजाऱ्याकडून आलेली पुरणपोळीसुद्धा गोड बोलून परत करायची. मी स्वतः पंच म्हणून हे दोन घरांना समजावून सांगितलं होतं, जरा कडक शब्दांत. आणि आता हा माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि त्याच्या बोटांना अजून आमच्या अंगणातलं वरण लागलेलं होतं.

“पाहू,” मी म्हणालो. “पाहू की. होळी अजून लांब आहे.”

त्यानं मान हलवली आणि गाडी हाकली.

पत्रावळी गोळा करताना मी पुन्हा सुरू झालो. झाडावर, पेरूंवर, सेक्रेटरींवर, नंतर आमच्या त्या होळीच्या नियमावर, तो कोणी केला, कधी केला, आणि माझ्यासारख्यानं पंच असून त्यावर कधी प्रश्न का विचारला नाही. बायको चुलाणावर पाणी मारत होती. माझं सगळं बोलून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“सात वर्सं आईनं बोलावलं जेवाले,” ती म्हणाली, “तं तोबी दर साली ‘पाहू’च म्हनत होता. मी तिले गाडीपाशीच होळीले येतो म्हनून सांगून टाकलं. तुमी सात वर्सानं या.”